शर्टाच्या खिशातली डेअरीची पावती (बाबांचा स्ट्रोक)

ओसरी

दीड महिना झाला, लिहीन लिहीन म्हणतेय. आता बाबा डाव्या हाताने का होईना पण स्वतः जेवतात, काठी न घेता परसापर्यंत जाऊन येतात, आणि 'पंखा लाव' म्हणायचं असलं की 'पंप लाव' म्हणतात आणि मग स्वतःवरच चिडतात. म्हणजे लिहायला हरकत नाही.

गाव वाळवा तालुक्यात, मी पुण्यात. बाबा ६७ वर्षांचे. डेअरीला दूध घालायला रोज चुलतभाऊ जातो. त्या दिवशी तो लग्नाला गेला होता म्हणून पहाटे बाबा गेले, परत आले आणि सोप्यातल्या कॉटवर आडवे झाले. आई आत झोपलेली, तिला यातलं काहीच माहीत नाही. सात वाजता चहा घेऊन बाहेर आली तर तोंड वाकडं, उजवा हात लोंबतोय, बोलायला गेले तर नुसता घोगरा आवाज.

दादाने शेजारच्यांची गाडी काढली. तालुक्याच्या गावी एका दवाखान्यात बीपी १९०/११० निघालं. डॉक्टरांनी जिभेखाली गोळी ठेवली, सलाईन लावलं आणि आईला विचारलं, कधीपासून? आई म्हणाली, "रातीपासनंच असंल, मी बघितलं तवा असंच हुतं." झालं! रात्रीचा अ‍ॅटॅक, साडेचार तास उलटून गेले, आता इंजेक्शनचा उपयोग नाही, इथेच अ‍ॅडमिट करा. तिथे पाऊण तास गेला. दादाच्या मनाला पटेना, त्याने डामा (डॉक्टरांच्या सल्ल्याविरुद्ध डिस्चार्ज) घेतला आणि बाबांना कोल्हापूरला नेलं.

तिथे पोचले ९:१० ला. कॅज्युअल्टीतल्या रेसिडेंट मुलीने प्रश्न वेगळा विचारला. कधी झालं, असं नाही. "शेवटचं ठणठणीत असताना यांना कुणी आणि किती वाजता पाहिलं?" आई पुन्हा रात्रीचंच सांगत होती. तेवढ्यात सिस्टरने शर्ट काढताना खिशातून पावती काढून दादाच्या हातात दिली. दूध संकलन केंद्राची. म्हैस, सकाळ, लिटर, फॅट, एसएनएफ, आणि खाली वेळ: ०५:५२.

कॅन उचलून नेणं, रांगेत उभं राहणं, पावती घडी करून खिशात ठेवणं, चालत घरी येणं. अर्ध्या अंगाचा माणूस हे करू शकत नाही. म्हणजे घड्याळ रात्री दहापासून नाही, ५:५२ पासून सुरू. सीटी झाला, रक्तस्राव नव्हता. सीटी अँजिओत मेंदूच्या डाव्या बाजूची मोठी धमनी बंद दिसली. ९:४१ ला इंजेक्शन, लगेच कॅथलॅब, जांघेतून नळी घालून जाळीने गुठळी ओढून काढली. ११ वाजायच्या आत धमनी मोकळी झाली होती. मी तेव्हा साताऱ्याच्या पुढे होते. दादाने फोनवर एवढंच सांगितलं, "बाबांनी उजवा पाय हलवला."

त्यानंतर मी वेड्यासारखी वाचत बसले. जे कळलं ते असं. गुठळी विरघळवायचं औषध, अल्टेप्लेज, हे १९९५ च्या अमेरिकेतल्या अभ्यासाने सिद्ध झालं, तेव्हा मुदत होती ३ तास. २००८ मध्ये ती साडेचार तासांवर गेली. गुठळी ओढून काढायची पद्धत मात्र बरीच वर्षं डळमळीत होती. नेदरलँड्समधला मिस्टर क्लीन नावाचा अभ्यास (हो, खरंच हे नाव आहे) आणि पाठोपाठ आणखी चार, असे पाच अभ्यास २०१५ पर्यंत आले आणि चित्रच पालटलं. पाचही अभ्यास एकत्र करून काढलेला हिशेब सांगतो की साधारण दर अडीच-तीन रुग्णांमागे एकाचं अपंगत्व निदान एका पायरीने कमी होतं. वैद्यकात असे आकडे फार थोड्या उपचारांना मिळतात म्हणे.

मला राग त्या पाऊण तासाचा येतो. पण त्याहून जास्त त्या 'रात्रीचा आहे, आता उपयोग नाही' या वाक्याचा. जाणकारांनी लिहा.

---

तिरफळ

ओसरीताई, वाचताना काटा आला. बाबांना नमस्कार सांगा. एक बाळबोध शंका: ती जाळी मेंदूतच राहते का, हृदयातल्या स्टेंटसारखी?

---

रेडिओकाका

तिरफळ, नाही राहत. तिला स्टेंट रिट्रीव्हर म्हणतात. मिटलेली जाळी नळीतून गुठळीच्या पलीकडे न्यायची, तिथे उघडायची, गुठळी जाळीत रुतली की जाळीसकट बाहेर ओढायची. दुसरी पद्धत म्हणजे जाड नळीने गुठळी सरळ शोषून घ्यायची. पुष्कळदा दोन्ही एकत्र वापरतात. मेंदूतली धमनीच आतून अरुंद झालेली असेल, आणि आपल्या आशियाई लोकांत ते प्रमाण जास्त आहे, तर कधीकधी फुगा किंवा कायमचा स्टेंट लागतो. पण ती वेगळी गोष्ट.

आता ओसरी, तुझ्या मूळ दुखण्याकडे येतो. मी निवृत्त रेडिऑलॉजिस्ट आहे, तीस वर्षं फिल्मा बघितल्या, त्यामुळे जरा लांबण लागेल.

पावती सापडली, देवाची कृपा. पण समज, सापडली नसती. समज, बाबा खरंच रात्री दहाला झोपले आणि सकाळी असे सापडले. तरीही 'उपयोग नाही' हे वाक्य २०१८ पासून कुणी डोळे मिटून म्हणायचं कारण उरलेलं नाही.

एमआरआयमध्ये दोन वेगवेगळ्या प्रकारची चित्रं काढतात. एकाला डिफ्यूजन म्हणतात. रक्त थांबलं की मेंदूचा तो भाग त्यात काही मिनिटांतच चकाकायला लागतो. दुसरं फ्लेअर. त्यात तोच भाग चकाकायला काही तास लागतात, ढोबळमानाने साडेचारच्या आसपास. पहिल्यात दिसतंय आणि दुसऱ्यात दिसत नाही, तर याचा अर्थ घटना ताजी आहे. पेशंट झोपेत होता, बोलू शकत नाही, घरच्यांना ठाऊक नाही, तरी मेंदू स्वतःच आपली पावती देतो. युरोपात वेक-अप नावाचा अभ्यास याच तत्त्वावर झाला. झोपेतून उठताना स्ट्रोक सापडलेल्या लोकांना अशी चित्रं बघून औषध दिलं, तेव्हा जवळजवळ पूर्ण बरे होणारे ५३ टक्के निघाले, न दिलेल्यांत ४२. औषधाने मेंदूत रक्तस्राव होण्याचा धोका थोडा वाढतो, तो धरूनही.

दुसरी गोष्ट. गुठळी अडकली की मेंदूचा सगळा भाग एकदम मरत नाही. मधला गाभा लवकर जातो. भोवतालचा भाग आडवाटेने येणाऱ्या रक्तावर तग धरून असतो. ग्रहणात गडद छायेभोवती उपच्छाया असते ना, तेच नाव डॉक्टरांनी याला दिलंय. ही उपच्छाया वाचवायची म्हणून सारी धावपळ. ती किती वेळ टिकेल हे माणसागणिक बदलतं. एखाद्याच्या आडवाटा दणकट, तो दहा तासांनीही वाचवण्याजोगा. एखाद्याचं दोन तासांत सगळं आटोपतं. परफ्यूजन स्कॅनमध्ये गाभा किती आणि उपच्छाया किती हे मोजता येतं. डॉन या अभ्यासात ६ ते २४ तासांतले असे निवडक रुग्ण घेतले, गाभा लहान पण लक्षणं मोठी असलेले. गुठळी काढलेल्यांपैकी ४९ टक्के तीन महिन्यांनी स्वतःचं स्वतः करू शकत होते, न काढलेल्यांत १३. मी तो आकडा पहिल्यांदा वाचला तेव्हा छपाईची चूक वाटली होती.

त्या डॉक्टरांना फार दोष देऊ नकोस. आम्हाला घड्याळ शिकवलं गेलं, ऊती बघायला नंतर शिकलो. मात्र जिभेखालच्या गोळीबद्दल दोष दे. आडवाटांना रक्त ढकलायला दाब लागतो, तो शरीर स्वतःहून वाढवतं. गुठळीचं औषध द्यायचं असेल तर दाब १८५/११० च्या खाली आणतात, तोही शिरेतून, मोजूनमापून. द्यायचं नसेल तर २२०/१२० पर्यंत सहसा हातही लावत नाहीत. धाडकन दाब पाडला की उपच्छाया उपाशी मरते.

---

केतकी_प

काका, तुमची २४ तासांची ओळ वाचून धस्स झालं. माझ्या मावशीच्या बाबतीत हाच आकडा घात करून गेला. संध्याकाळी सहाला तिचा हात बधिर झाला, शब्द अडखळायला लागले. मावसभावाने व्हॉट्सअ‍ॅपवर वाचलेलं की आता २४ तासांपर्यंत स्ट्रोक बरा होतो. म्हणाला, रात्रीचं कुठे नेता, पाऊस आहे, सकाळी जाऊ. सकाळी स्कॅनमध्ये अर्धी डावी बाजू गेलेली होती. डॉक्टर म्हणाले, वाचवण्यासारखं काही उरलं नाही. मावशी आहे, पण पलंगावर आहे.

---

रेडिओकाका

केतकी, वाईट वाटलं. अगदी हेच मला ठळक अक्षरांत लिहायला हवं होतं. २४ तास ही सवलत नाही, ती नशिबाने आडवाटा चांगल्या निघालेल्यांची यादी आहे, आणि त्या यादीत आपलं नाव आहे की नाही ते स्कॅन केल्याशिवाय कळत नाही. मोठी धमनी बंद असेल तर सरासरीने मिनिटाला १९ लाख चेतापेशी जातात, असा एक हिशेब २००६ मध्ये अमेरिकेत मांडला गेला. पावसात थांबलेल्या त्या बारा तासांचा गुणाकार मी करत नाही.

---

घाटमाथा

सगळं छान. पण हे कोल्हापूर-पुण्याचं झालं. आमच्याकडे सीटी मशीन आहे, टेक्निशियन नाही. टेक्निशियन आला की लाइट नाही. न्यूरोलॉजिस्ट दोन तासांवर, कॅथलॅब साडेतीन. तुमचे डॉन आणि मिस्टर क्लीन आमच्या घाटात कुठून येणार?

---

रेडिओकाका

रास्त प्रश्न. यावर तीन गोष्टी झाल्यात, तिन्ही आपल्याच देशाशी जोडलेल्या.

हिमाचल प्रदेशात २०१४ पासून टेलिस्ट्रोक चालू झालं. डोंगरातल्या जिल्हा रुग्णालयात सीटी काढायचा, तिथला साधा फिजिशियन फोनवर फोटो पाठवणार, मोठ्या कॉलेजातला न्यूरोलॉजिस्ट फोनवरच सांगणार, द्या किंवा देऊ नका. औषध सरकारकडून मोफत. त्यांचे घाट तुमच्यापेक्षा अवघड आहेत हो.

आसामात आयसीएमआरने (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने) डिब्रुगडच्या बाजूला फिरतं स्ट्रोक युनिट चालवलं. रुग्णवाहिकेतच सीटी मशीन. मूळ कल्पना जर्मनीतली, होम्बुर्गला २००८ मध्ये पहिली गाडी निघाली.

तिसरी, सीटी वाचायला माणूस नसेल तर संगणक. मुंबईतली क्युअर डॉट एआय ही कंपनी डोक्याच्या सीटीत रक्तस्राव ओळखणारी प्रणाली बनवते, त्यावर २०१८ मध्ये लॅन्सेटमध्ये पेपर आला होता. मी सुरुवातीला नाकं मुरडली. आमच्या पोटावर पाय, असं वाटलं. पण रात्री तीन वाजता मशीनने 'हा आधी बघा' म्हणून वर सरकवलेला स्कॅन खरंच आधी बघण्यासारखा निघायला लागला तेव्हा गप्प बसलो. एक लक्षात ठेवा, रक्तस्राव सीटीत लगेच पांढरा दिसतो, पण गुठळीचा स्ट्रोक पहिल्या काही तासांत जवळपास दिसतच नाही. 'सीटी नॉर्मल आहे, घरी जा' हे वाक्य म्हणूनच धोक्याचं.

---

यारा_नदीकाठ

मेलबर्नहून. इथे २०१७ पासून अशी गाडी आहे. मी नर्स आहे, दोनदा त्यातून गेले आहे. गाडीत सगळ्यात मोठी क्रांती मला वाटली ती औषधाची. अल्टेप्लेज द्यायचं म्हणजे १० टक्के आधी ढकलायचं, उरलेलं तासभर पंपावर. हलत्या गाडीत पंप, नळ्या, वायरी, नुसता गोंधळ. त्याचंच नवं भावंड टेनेक्टेप्लेज एका सिरिंजमध्ये, काही सेकंदांत संपतं. २०२२ मध्ये कॅनडातल्या अभ्यासात दोन्ही औषधं तोडीस तोड ठरली.

---

ओसरी

अगं, बाबांनाही टेनेक्टेप्लेजच दिलं! फाइलमध्ये बघितलं आत्ता. आणि गंमत म्हणजे ते पुण्यातली जेनोवा कंपनी बनवते. अमेरिकेच्या एफडीएने स्ट्रोकसाठी त्याला परवानगी दिली मार्च २०२५ मध्ये. आपल्याकडे त्याच्या बरीच वर्षं आधीपासून वापरात आहे. क्वचित कधीतरी आपण पुढे असतो, तेवढं लिहून ठेवते.

---

गोदातीर

आमच्या नांदेडकडे अजून 'अंगावरून वारं गेलं' म्हणतात. वारं म्हटल्यावर वैद्य, मग मालिश, मग कबुतर. होय, कबुतर. आमच्या आजोबांना कबुतराचं रक्त चोळलं होतं, मी आठ वर्षांचा होतो, तो वास अजून नाकात आहे. हसू नका, तेव्हा डॉक्टरकडे तरी काय होतं? सलाईन आणि आशीर्वाद. लोकांना वाटतं लकव्याला औषध नाही, कारण त्यांच्या आठवणीत खरंच नव्हतं.

---

तिरफळ

गोदातीर, हे पटलं. माझ्या आईलाही हार्ट अ‍ॅटॅक म्हटलं की पळायचं हे माहीत आहे, लकवा म्हटलं की झोपवून पाणी पाजायचं.

---

उंबरठा

पाणी नको!! मी फिजिओथेरपिस्ट. गिळण्याचे स्नायू गेलेले असतात, पाणी फुफ्फुसात जातं आणि मग न्यूमोनिया. गिळण्याची तपासणी होईपर्यंत तोंडाने काही नाही, अ‍ॅस्पिरिनसुद्धा नाही. शिवाय आत रक्तस्राव आहे की गुठळी हे स्कॅनशिवाय कळत नाही.

ओसरी, बाबांच्या उजव्या खांद्याला जपा. उठवताना लटका हात धरून ओढू नका, काखेतही हात घालू नका. खांदा निसटतो आणि मग दुखण्यामुळे माणूस व्यायामच करत नाही. अशी कितीतरी माणसं मी बघते.

आमच्या क्षेत्रातली एक कडू बातमीही सांगते. घरच्यांना प्रशिक्षण देऊन घरीच पुनर्वसन करायचं, यावर भारतात १४ रुग्णालयांत १२५० रुग्णांवर अटेंड नावाचा अभ्यास झाला. २०१७ मध्ये निकाल आला: नेहमीच्या उपचारांपेक्षा फरक नाही. मला आठवडाभर झोप आली नाही, कारण मी तेच शिकवत होते. घरच्यांचं प्रेम आहे, ते लागतंच, पण बसवून रोज दोन-दोन तास हात हलवायला लावणारा शिकलेला माणूस वेगळा. नवीन म्हणाल तर अमेरिकेत मानेतल्या व्हेगस नसेला व्यायामाबरोबर विजेचे हलके झटके देणारं यंत्र २०२१ मध्ये मंजूर झालं, हाताच्या हालचालीसाठी. आपल्याकडे मी अजून एकही पेशंट पाहिलेला नाही.

---

ओसरी

उंबरठाताई, खांद्याचं आईला आजच वाचून दाखवते.

डिस्चार्जच्या कागदावर आठ गोळ्या आहेत. त्यात सिटिकोलीन म्हणून एक, महिन्याला बऱ्यापैकी खर्चाची. 'मेंदूचं टॉनिक' म्हणाले. आणि एका नातेवाइकाने स्टेम सेलची जाहिरात पाठवलीय, दीड लाख.

---

रेडिओकाका

सिटिकोलीन: युरोपात इक्टस नावाचा अभ्यास झाला, जवळपास २३०० रुग्ण, २०१२ मध्ये छापला, फायदा दिसला नाही. नुकसानही नाही, खिशाचं सोडून. तुझ्या डॉक्टरांशी बोल, स्वतःहून काही बंद करू नकोस.

स्टेम सेल: बोन मॅरोमधल्या पेशी शिरेतून देण्याचा अभ्यास खुद्द भारतात, पाच केंद्रांत, १२० रुग्णांवर झाला. २०१४ चा निकाल, उपयोग नाही. दीड लाख फिजिओला घाल.

नव्याचंही सगळं सोनं नसतं. लहान फांद्यांतल्या गुठळ्याही ओढून काढाव्यात का, यावर २०२५ मध्ये दोन अभ्यास आले, दोन्हींत फायदा सापडला नाही. उलट, मेंदूचा मोठा भाग आधीच गेलाय म्हणून ज्यांना पूर्वी कॅथलॅबच्या दारातूनच परत पाठवायचे, त्यांच्यातल्या बऱ्याच जणांना फायदा होतो असं जपान, चीन आणि अमेरिकेतल्या अभ्यासांत २०२२-२३ दरम्यान दिसलं. मी स्वतः अशा किती जणांच्या रिपोर्टवर 'उशीर झाला' या अर्थाचं लिहिलं असेल, मोजलेलं नाही.

त्या आठांतली कोणती गोळी चुकवायची नाही ते सांग. स्ट्रोक कशाने झाला म्हणाले?

---

ओसरी

तिसऱ्या दिवशी मॉनिटरवर ठोके वेडेवाकडे दिसले. एट्रियल फिब्रिलेशन. हृदयाच्या वरच्या कप्प्यात गुठळी होऊन वर गेली म्हणाले. रक्त पातळ करायची गोळी सुरू केलीय, दिवसातून दोनदा. पूर्वी बारा-बारा दिवस थांबायचे, आम्हाला पाचव्या दिवशी दिली, मी घाबरलेच.

---

रेडिओकाका

तीच ती गोळी. एक वेळही चुकवायची नाही. आणि घाबरू नकोस, स्ट्रोक फार मोठा नसेल तर लवकर सुरू केलेली चालते, असं २०२३ आणि २०२४ मधल्या अभ्यासांनी दाखवलंय. तुमच्यात तिसऱ्या दिवशी सापडलं हे नशीब. कित्येकांत हा ठोका लपून बसतो, छातीच्या कातडीखाली सुपारीएवढं यंत्र ठेवून महिनोन्‌महिने वाट बघावी लागते.

---

केतकी_प

मला एक विचारायचंय, विषयाला धरून नसेल तर माफ करा. नवऱ्याला मागच्या महिन्यात दहा मिनिटं डाव्या हाताला मुंग्या आल्या, कप पडला, मग सगळं नीट. मावशीचं बघून मी घाबरले, तो म्हणतो हात अवघडला असेल.

---

उंबरठा

केतकी, उद्याच न्यूरोलॉजिस्टकडे. उद्या म्हणजे उद्याच. येऊन गेलेला झटका नंतरच्या मोठ्याची वर्दी असू शकतो, आणि धोका पहिल्या काही दिवसांत सगळ्यात जास्त असतो. महिना झालाय तरी जा. अशा वेळी २४ तासांच्या आत दोन गोळ्या एकत्र सुरू करून तीन आठवडे दिल्या तर पुढचा झटका बराच टळतो, हे चीनमधल्या पाच हजारांवर रुग्णांच्या अभ्यासात २०१३ मध्येच दिसलंय. कोणत्या गोळ्या आणि द्यायच्या की नाहीत ते डॉक्टर ठरवतील.

---

केतकी_प

अपॉइंटमेंट घेतली. त्याला सांगितलं नाही अजून, गाडीत बसल्यावर सांगेन.

---

ओसरी

आई अजून अधूनमधून म्हणते, माझ्या तोंडातनं 'रातीपासनं' गेलं म्हणून वेळ गेला. काल तिला काकांची एमआरआयची गोष्ट सांगितली. तिला म्हटलं, तू बरोबर सांगितलं असतंस तरी आणि चूक सांगितलंस तरी, विचारणाऱ्याने पुढे बघायला हवं होतं. तिने ऐकून घेतलं, आणि मग बाबांना विचारलं, "दूध घालाया गेलता ते सांगायला काय हुतं?" बाबा म्हणाले, "पंप." आम्ही तिघंही हसलो.

---

घाटमाथा

एक खवचट शंका. आमच्या डेअरीच्या मशीनचं घड्याळ वीस मिनिटं मागे आहे, गेली दोन वर्षं. तुमच्या पावतीवरची वेळ बरोबर होती हे कशावरून?

---

ओसरी

घाटमाथा, त्या रेसिडेंट मुलीने हीच शंका काढली होती! दादाने तिथूनच डेअरीच्या सेक्रेटरींना फोन लावला. त्यांनी मशीनपाशी जाऊन मोबाइलशी ताडून बघितलं. चार मिनिटं पुढे होतं. तिने फाइलवर ५:४८ लिहिलंय.